चेहऱ्यावरून तब्येत कळते का? वांग, काळी वर्तुळं आणि आमच्या आत्येसासूबाई

बर्फाचा_गोळा (नागपूर)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी मानेवाड्याला एका लॉनवर साखरपुडा होता, मी ताट हातात घेऊन कूलरसमोर जागा शोधून राहिली होती, तेवढ्यात आमच्या आत्येसासूबाईंनी माझी हनुवटी धरली, चेहरा हॅलोजनकडे वळवला आणि चारचौघींत जाहीर करून टाकलं, "सूनबाई, गालावर वांग आले न तुझ्या, लिव्हर गेलं समज." त्यानंतर ज्या ज्या बाईने माझ्याकडे पाहिलं ती लिव्हरच पाहून राहिली असं मला वाटत होतं.

घरी येऊन रील्स बघितल्या तर अजूनच घोळ झाला. एकीत चेहऱ्याचा नकाशा काढलेला, कपाळ म्हणजे पोट, भुवयांच्या मधे लिव्हर, डोळ्याखाली किडनी, हनुवटी म्हणजे हार्मोन्स. माझ्या डोळ्याखाली काळी वर्तुळं कॉलेजपासून आहेत, म्हणजे किडनी पण गेली की काय? माझं वय ४१, दोन मुलं, धरमपेठेत ऑफिस, भर दुपारी स्कूटीवर बँकेच्या चकरा असतात, स्कार्फ बांधते पण घाईत राहून जातो. थकवा आहे, पण या उन्हात कोण नाही थकत. ओठांचे कोपरे फुटतात अधूनमधून. बाकी ठणठणीत आहे, फक्त बर्फ चावायची सवय लागलीय, फ्रीजचा ट्रे संपवते अख्खा, मुलं हसतात, नाव त्यावरूनच घेतलंय.

आमच्या ह्यांच्या (वय ४४) दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापणीवर नाकाच्या बाजूला पिवळी चपटी चरबीसारखी चकती आलीय, दोन वर्षं झाली, दुखत नाही काही नाही, ते म्हणतात लेझरने काढून टाकतो. आणि पोरीची मान काळी पडलीय, वय १३, बेसन लिंबू लावून घासते तरी जात नाही. पण ते जाऊ द्या, मुद्दा माझ्या वांगाचा आहे. खरंच लिव्हरचं असतं का हे? चेहरा बघून काय कळतं आणि काय नाही, कोणी नीट सांगेल का?

सुई_टोचणारी_ताई

ताई, मी १६ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते, डॉक्टर नाही. पण तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि मला हसू पण आलं आणि काळजी पण वाटली, कारण ज्याची भीती वाटते ते तुम्ही पहिल्या परिच्छेदात लिहिलं आणि ज्याची तपासणी पाहिजे ते "पण ते जाऊ द्या" म्हणून शेवटी टाकून दिलं.

आधी तुमचे हे. ती पिवळी चकती म्हणजे कोलेस्टेरॉल कातडीत साचून होते, झॅन्थेलाझ्मा म्हणतात. असे लोक आमच्याकडे येतात त्यातल्या जवळपास निम्म्यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मलही निघतं, त्यामुळे घाबरायचं काम नाही, पण उरलेल्या निम्म्यांत ते आहेत की नाहीत हे आरशात बघून कळणार नाही न. लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), शुगर आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या, थायरॉइड मंद असलं तरी कोलेस्टेरॉल वाढतं. बीपी मोजा. लेझर नंतर. चकती काढली म्हणून रक्तातली चरबी कमी होत नाही आणि पुष्कळांची परत येते. आणि सासरे, दीर, कोणाला कमी वयात हार्टचं काही झालं होतं का ते आठवून ठेवा, डॉक्टर विचारतीलच.

पोरीची मान. कृपा करून घासणं बंद करा, तो मळ नाही. हात लावून बघा, मखमलीसारखी जाडसर लागते का, काखेत पण आहे का. तसं असेल तर बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन असून त्याचं नीट चालत नाही तेव्हा अशी मान होते, वजन थोडं जास्त असलेल्या मुलांत खूप बघते मी. मोठ्यांत तर कपाळाच्या कडेला, कानशिलाजवळ पण असाच काळपटपणा येतो आणि ते बिचारे त्यावर गोरं व्हायची क्रीम लावत बसतात. बालरोगतज्ञांना दाखवा, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज) सांगतील.

आता तुम्ही. बर्फ! आमच्याकडे एखादी बाई बर्फ, कच्चे तांदूळ नाहीतर माती खाते म्हणाली की मी नळी भरायच्या आधी मनात म्हणते हिमोग्लोबिन नऊ. लोह कमी झालं की बर्फ खावासा वाटतो पुष्कळांना, का वाटतो ते मला विचारू नका. उद्या सकाळी खिडकीजवळ उभं राहून खालची पापणी खाली ओढा आणि आतला रंग बघा, लालबुंद पाहिजे, फिक्का गुलाबी पांढरा दिसला तर सीबीसी (हिमोग्लोबिन त्यात येतं) आणि फेरिटिन (साठवलेलं लोह). लाल दिसला तरी करा, कारण डोळ्याने बघून थोडंसं कमी असलेलं कोणालाच कळत नाही. ओठाचे कोपरे फुटणं पण त्यातच बसतं, लोह नाहीतर बी कॉम्प्लेक्सची कमी, कधी नुसतं फंगस. पाळी जास्त जाते का?

बर्फाचा_गोळा

बाप रे. मान मळकट म्हणून चार महिने मी तिला रोज आंघोळीनंतर परत पाठवून राहिली होती. मागच्या महिन्यात तर रडली ती. आणि हो पाळी जाते जास्त, आठ आठ दिवस, वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. पापणी बघितली आत्ताच, मला तर पांढरी वाटली पण ट्यूबलाइटमध्ये सगळंच पांढरं दिसतं.

स्किन_ओपीडी_नंबर_४

मी त्वचारोगात शिकतोय, ओपीडीत रोज दहा तरी वांगवाल्या येतात आणि त्यातल्या निम्म्या लिव्हरचं टॉनिक पिऊन आलेल्या असतात. वांग म्हणजे मेलाज्मा, ऊन, हार्मोन्स, प्रेग्नन्सी, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराणं, हे त्याचे धनी. लिव्हरचा संबंध नाही. दुपारची स्कूटी हे कारण पुरेसं आहे. त्यात नुसतं अल्ट्राव्हायोलेट नाही तर दिसणारा उजेडही डाग गडद करतो, म्हणून किंचित रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन चांगलं, दर दोन तीन तासांनी परत लावायचं, आणि स्कार्फ जाड सुती.

एक हात जोडून विनंती, मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणू नका. त्या "गोरं करणाऱ्या" ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, पंधरा दिवस चेहरा चकचकीत होतो, बायका मैत्रिणींना पण देतात, मग सहा महिन्यांनी कातडी पातळ, लाल शिरा, पुरळ, लव वाढते, आणि सोडली की आग होते म्हणून परत लावतात. बिनलेबलच्या डब्या तर त्याहून वाईट, काहींत पारा असतो. अकोल्याच्या एका घरातली २०२३ ची बातमी आठवत असेल, क्रीममुळे किडनीवर परिणाम झाला होता, केरळातल्या डॉक्टरांनीही असे पेशंट नोंदवलेत. म्हणजे गंमत बघा, चेहऱ्यावरून किडनी ओळखायला निघालेले लोक चेहऱ्याला लावून किडनी घालवतात.

नकाशावाल्या रील्सबद्दल, कपाळाच्या पुरळाचा आतड्याशी नकाशासारखा संबंध नाही. हनुवटीचं तेवढं थोडं खरं, मोठ्या बायकांत जबड्याच्या रेषेवर पुरळ, सोबत जाड केस आणि पाळी मागेपुढे असेल तर पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड, बघतो आम्ही. एक गोष्ट खरी निघाली की लोक बाकीच्या नऊ पण खऱ्या धरतात.

काळी वर्तुळं कॉलेजपासून असतील तर ती बहुतेक आईकडून आलेली आहेत. डोळे चोळायची सवय, ॲलर्जी, जागरण यांनी वाढतात. किडनीचं वेगळं दिसतं, ते काळं नसतं, सुजलेलं असतं. सकाळी उठल्यावर डोळ्याभोवती फुगलेलं, संध्याकाळी पायावर सूज, लघवीला फेस, असं असेल तर लघवीची साधी तपासणी करा, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन करा.

गालावर लाली नाकावरून फुलपाखरासारखी पसरली असेल, नाकाच्या बाजूच्या घड्या मात्र साफ असतील, आणि सांधे दुखतात, उन्हात वाढते, तोंडात फोड येतात, तर तो वांग नव्हे, ल्युपस असू शकतो (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), ते घरी बसून ठरवायचं नाही.

ताईंनी चकतीचं बरोबर सांगितलं. भर एवढीच की कोपनहेगनला १२ हजारांवर लोकांना १९७६ पासून ३० वर्षांहून जास्त काळ बघितलं होतं, २०११ ला निष्कर्ष छापून आले, तर ज्यांना पापणीवर ही चकती होती त्यांना हार्ट अटॅक जास्त आले, कोलेस्टेरॉलचा आकडा हिशेबात घेऊनसुद्धा. बुबुळाभोवती जी राखाडी कडा येते तिच्याबाबत मात्र तसं निघालं नाही, आजी आजोबांत ती असतेच, चाळिशीच्या आत दिसली तर लिपिड करावं. तेव्हा यजमानांचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी बीपी, वजन, सिगरेट याकडे बघाच.

इतवारीचा_भाऊ

डॉक्टरसाहेब सगळं सांगून राहिले पण नागपूरची खरी बिमारी कोणी सांगूनच नाही राहिलं. मले दोन वर्षांपहिले सगळे म्हणत, काऊन भाऊ, जिम लावली का, गाल आत गेले तुझे, मस्त दिसून राहिला. मी बी खुश. दिवसाचे सहा खर्रे होते माझे, सुपारी न तंबाखू पन्नीत घोटून, सकाळी उठल्याबरोबर पहिला.

मग एक दिवस बर्डीवर पोराले पाणीपुरी खायले घेऊन गेलो न, पुरी तोंडात जाऊनच नाही राहिली. पोरगा म्हणे बाबा आ करा. मी म्हटलं करून त राहिलो बे. फोडून फोडून खाल्ली, जसं लहान लेकराले भरवतात तशी. त्याच्या पहिले सावजी हॉटेलात गेलो की तोंडात आग आग व्हायची, मले वाटे मसाला बदलला त्यानं, त्याच्यासोबत भांडलो बी.

मेडिकल चौकातल्या डेंटल कॉलेजात गेलो त डॉक्टरीणबाईनं म्हटलं तीन बोटं उभी घाला तोंडात, माझी दीडच गेली. सबम्यूकस फायब्रोसिस सांगितलं, सुपारीनं गाल आतून दोरीवानी कडक होते, पुढं कॅन्सर होऊ शकते. वापस पहिल्यासारखं पूर्ण होत नाही म्हणे. खर्रा सोडला, गोळ्या, इंजेक्शन, तोंडाचा व्यायाम, आता अडीच बोटं जातात. त ज्याचे गाल आत गेले, तोंड लहान दिसून राहिलं त्याले स्मार्ट नका म्हणू, तीन बोटं घालायले सांगा.

मिहान_नाइट_शिफ्ट

मोबाइल समोर तीस सेकंद धरला की चेहरा स्कॅन करून बीपी, शुगर, हिमोग्लोबिन सांगणारं ॲप आहे माझ्याकडे, ते कसं आहे? माझी शुगर ९२ सांगितली त्याने. बाबांची पण ९२.

सुई_टोचणारी_ताई

तुमच्या घरच्या मांजराची पण करून बघा, ९२ येईल. नाडीचे ठोके कॅमेऱ्यातून मोजता येतात हे खरं आहे, दर ठोक्याला कातडीचा रंग किंचित बदलतो तो कॅमेरा पकडतो. शुगर तशी कळत नाही, बोटाला टोचावंच लागतं, नाहीतर माझी नोकरी गेली असती.

ट्यूबलाइटवरून आठवलं, कावीळ पण ट्यूबलाइटमध्ये नीट दिसत नाही, पिवळ्या बल्बमध्ये तर त्याहून कमी. डोळ्याचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात बघायचा. काविळीचं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, रक्तात दोन तीनच्या वर गेल्याशिवाय डोळ्यात उतरत नाही. तळहात पिवळे पण डोळे पांढरेशुभ्र असतील तर गाजर पपई जास्त झालीय, चालतं. पण आपल्या विदर्भात लेकराचे डोळे सारखे पिवळट असतील, फिक्कं असेल, हातपाय दुखून रडत असेल तर त्याला कावीळ उतरवायला नेऊ नका, सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी करा, सरकारी दवाखान्यात होते. आमच्याकडे एक पोरगा चार वेळा गळ्यात माळा घालून आला होता काविळीच्या, सिकल निघाला.

निवृत्त_मास्तर_महाल

सर्वांचे वाचले. मला कोणी व्हॉट्सॲपवर पाठविले की कानाच्या पाळीवर तिरपी घडी असली तर हृदयविकार असतो. माझ्या दोन्ही कानांना आहे, वय ७१. झोप उडाली आहे. जाणकारांनी सांगावे.

दुसरे, येथे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मागील वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या तोंडातून सकाळी चहा ओघळला. वहिनी म्हणाल्या, अहो, बशी नीट धरा. बघतात तो तोंड एका बाजूला. शेजारचे जमले, कोणी म्हणे वारं लागलं, कोणी म्हणे कबुतराचे रक्त चोळा लगेच उतरते, एका गृहस्थाने तर कबुतर कुठे मिळेल हेही सांगितले. पुतण्याने कोणाचे न ऐकता १०८ ला फोन लावला. दवाखान्यात पहिला प्रश्न एकच, शेवटचे नीट कधी होते? वहिनींनी सांगितले, सहाला दूध आणले तेव्हा हसून बोलले. साडेचार तासांच्या आत होते म्हणून सीटी स्कॅन करून मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन देता आले. आज तो माझ्यापेक्षा वेगाने चालतो. घड्याळ बघून ठेवावे एवढेच सांगतो.

स्किन_ओपीडी_नंबर_४

मास्तर, झोपा शांत. त्या घडीबद्दल १९७३ मध्ये सँडर्स फ्रँक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने लिहिलं, तेव्हापासून लोक बाजूने आणि विरुद्ध अभ्यास करताहेत. वय वाढलं की घडीही येते आणि हृदयविकारही वाढतो, त्यामुळे ७१ ला घडी असणं यात बातमी नाही. बीपी शुगर लिपिड तुम्ही तसेही करत असालच.

तोंड वाकडं होण्यात एक फरक सांगतो, कपाळाला आठ्या घालता येत नाहीत आणि डोळाही मिटत नाही असं असेल तर बहुधा चेहऱ्याच्या नसेचा लकवा, बेल्स पाल्सी, तो पुष्कळांचा बरा होतो. कपाळ हलतं पण खालचा अर्धा चेहरा ओघळतो, सोबत हात गळतो, बोबडं बोलतो, तर मेंदूचा झटका. पण हा फरक घरी ठरवत बसू नका, दोन्हीत दवाखानाच, ते बघणं आमचं काम.

बर्फाचा_गोळा

अपडेट द्यायला दहा दिवस लागले, सॉरी. सगळ्या घराचं रक्त काढलं एकाच सकाळी, ट्यूबांचा स्टँड भरला होता.

ह्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७८, ट्रायग्लिसराइड २४०, बीपी दोनदा १५० च्या आसपास. थायरॉइड नॉर्मल. डॉक्टरांनी घरातलं विचारलं तेव्हा हे म्हणाले काही नाही, मी मधेच बोलली की मामंजींची बायपास ५२ व्या वर्षी झाली होती, त्यावर यांचं म्हणणं की ते टेन्शनने झालं होतं. गोळी सुरू झालीय आणि तर्री पोह्यावरची तर्री (तिखट तेलकट रस्सा) बंद, पोहे नुसते खातात आणि माझ्याकडे बघतात. पोरीचं एचबीएवनसी ५.८ आलं, काठावर आहे म्हणाले, औषध नाही, बॅडमिंटनला घातलं आणि मी तिला सॉरी म्हटलं, ती म्हणाली आधी बेसनाचा डबा फेक. माझं हिमोग्लोबिन ९.४. फेरिटिन इतकं कमी की सुई टोचणाऱ्या ताईंचीच आठवण आली, तुम्ही नऊ म्हणाला होता. सोनोग्राफीत छोटा फायब्रॉइड आहे, गोळ्या चालू आहेत, आणि खरं सांगते, दहा दिवसांत बर्फाची आठवण कमी झालीय. लिव्हर एकदम ओके.

आता खरा प्रॉब्लेम. साखरपुड्याचा अल्बम आला. त्यात आत्येसासूबाई माझी हनुवटी धरून उभ्या आहेत तो फोटो पण आहे. तो मोठा करून बघितला न, त्यांच्या भुवया बाहेरच्या बाजूने एक तृतीयांश गायब, चेहरा सुजल्यासारखा, आणि २०१९ च्या मुंजीतल्या फोटोत त्याच भुवया दाट होत्या, चेहरा अर्धा होता. पार्लरला त्या जन्मात गेल्या नाहीत. आवाज घोगरा झालाय, आणि मे महिन्यात आमच्याकडे राहायला आल्या की कूलर बंद करायला लावतात, आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. हे थायरॉइडचं असू शकतं न? वयाने भुवया विरळ होतात हे माहीत आहे मला, पण कूलर? त्यांना कसं सांगू?

सुई_टोचणारी_ताई

असू शकतं, टीएसएच करायला लावा, तीनचारशेत होतं. उपाशी राहायची पण गरज नाही. फक्त चारचौघींत हनुवटी धरून सांगू नका.

इतवारीचा_भाऊ

आणि पपईचा रस नका देऊ, तळहात पिवळे होतील.